सहावा नंबर

क्रॉस कंट्रीच्या शर्यतीला विश्वविक्रम नसतो. शंभर मीटरला असतो, मॅरेथॉनला असतो, तीन हजार मीटर स्टीपलचेसलाही असतो. पण माळरानावर, चढउतारांवर, ढेकळांतून आणि गवतातून धावण्याच्या या शर्यतीला नाही. कारण साधं आहे. जगातल्या प्रत्येक प्रमाणित मैदानी धावपट्टीची फेरी चारशे मीटरचीच असते, पण कुठलेही दोन माळ सारखे नसतात. एका ठिकाणी चार किलोमीटरला पंधरा मिनिटं लागतील, दुसरीकडे तीच मुलगी तेवढ्याच जिद्दीने पळेल आणि सतरा मिनिटं घेईल. मग घड्याळाला विचारायचं काय?

घड्याळ बाजूला झालं की उरतो तो नंबर. तुमच्या पुढे किती जण आणि मागे किती जण, एवढंच. निवड चाचणीत तर आणखी कमी उरतं: रेषेच्या वर की खाली. संघात सहा जण घ्यायचे असतील, तर सहावा नंबर आणि सातवा नंबर यांच्यात जेवढं अंतर असतं, तेवढं पहिला आणि सहावा यांच्यातही नसतं.

या प्रकरणात आपण अशाच एका चाचणीचा शनिवार-रविवार बघणार आहोत. त्यासाठी एक मुलगी कल्पनेने उभी करू. तिला नाव द्यायला नको, चेस्ट नंबर देऊ: सत्तेचाळीस. दहावीत शिकते, अठरा वर्षांखालच्या गटात चार किलोमीटर पळते, राहते नाशिकच्या अंबडमध्ये. (जालना जिल्ह्यातलं तालुक्याचं अंबड वेगळं. हे नाशिकचं, एका बाजूला एमआयडीसी आणि दुसऱ्या बाजूला सिडको अशा कात्रीत आलेलं मूळचं गाव.) वडील कारखान्यात, पाळ्यांची नोकरी. सत्तेचाळीसचा सराव पहाटे, एमआयडीसीच्या रस्त्यांवर, पहिल्या पाळीच्या बसगाड्या सुरू व्हायच्या आत. आठवड्यातून एकदा पांडवलेण्यांच्या डोंगराकडे, कारण चढ तिथेच मिळतो. महिना डिसेंबर. निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवायचे दिवस.

मुलगी आणि तिची शर्यत कल्पनेतली असली, तरी बाकी सगळं खरं आहे.

शुक्रवार: कागद आणि ताट

शर्यतीच्या शनिवार-रविवारची सुरुवात पायांनी होत नाही, फाइलने होते. जन्माचा दाखला, आधार कार्ड, शाळेचं बोनाफाईड, फोटो. वयोगटाच्या खेळात वय चोरणं हा आपल्याकडचा जुना रोग, त्यामुळे कागद तपासले जातात आणि पुढच्या पातळ्यांवर वैद्यकीय तपासणीही होते. सोळा वर्षांच्या मुलीसाठी दोन वर्षांचा फरक म्हणजे काही सेकंदांचा मामला नाही, तो वेगळ्या शरीराचा मामला असतो. म्हणून फाइल शुक्रवारीच पिशवीत जाते. रविवारी सकाळी झेरॉक्सचं दुकान शोधत फिरलेल्या मुलाचे पाय शर्यतीआधीच थकलेले असतात.

मग ताट. 'शर्यतीच्या आदल्या दिवशी भरपूर खा' असं घरात कुणीतरी सांगतंच. त्यामागे मॅरेथॉनवाल्यांचं अर्धवट ऐकलेलं शास्त्र असतं. आपल्या स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा असतो. मॅरेथॉनमध्ये तो संपत येतो, म्हणून ते लोक आधीचे दोन-तीन दिवस भात-बटाट्यावर भर देऊन तो काठोकाठ भरतात. पण चार किलोमीटरची शर्यत पंधरा-सोळा मिनिटांत आटोपते. तेवढ्याने हा साठा संपत नाही. तेव्हा शुक्रवारी आणि शनिवारी घरातलं रोजचं जेवण पुरतं: भाकरी किंवा पोळी, वरण-भात, उसळ, भाजी. नवा पदार्थ नाही, हॉटेल नाही, लग्नाची पंगत तर नाहीच.

मात्र एक गोष्ट दोन दिवसांत साधत नाही आणि मुलींच्या बाबतीत तीच सगळ्यांत जास्त नडते. लोह. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेतं आणि हिमोग्लोबिन बनायला लोह लागतं. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 19 वयाच्या भारतीय मुलींपैकी सुमारे 59 टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. म्हणजे सुरुवातीच्या रेषेवर दहा मुली उभ्या असतील, तर त्यातल्या पाच-सहा जणी निम्म्या भरलेल्या टाकीने निघालेल्या असू शकतात. आणि वर त्यांना ऐकावं लागतं, 'हिच्यात दमच नाही.' दम नसतो हे खरं, पण तो स्वभावात शोधून सापडत नाही, रक्ताच्या तपासणीत सापडतो. उपाय डॉक्टरांनी सांगायचा. घरात करता येतं ते एवढं: जेवणाबरोबर लिंबू, आणि जेवणावर लगेच चहा नको, कारण चहा अन्नातलं लोह शरीरात जिरू देत नाही.

मासिक पाळीबद्दलही मोकळेपणाने बोलायला हवं. पाळीच्या दिवसांत पळायला हरकत नसते, त्रास होत असेल तर काय करायचं ते मुलीनेच ठरवायचं. काळजी वेगळ्या वेळी करायची. भरपूर सराव करणाऱ्या मुलीची पाळी काही महिने येईनाशी झाली, तर ती शाबासकीची गोष्ट नव्हे. शरीराला खर्चाइतकी जमा मिळत नाही, हा त्याचा अर्थ. अशा वेळी हाडं कमकुवत होतात, नडगीच्या हाडाला बारीक तडा जाऊ शकतो. प्रशिक्षक पुरुष असेल तर मुली हे सांगत नाहीत. म्हणून चांगल्या गटात एखादी ताई, बाई किंवा मोठी खेळाडू अशी असते, जिच्याजवळ हे बोलता येतं.

शनिवार: मैदान वाचणं

अनुभवी प्रशिक्षक आदल्या दिवशी मुलांना मैदानावर घेऊन जातो आणि पळवत नाही, चालवतो. सगळा मार्ग एकदा पायी. जागतिक नियमांनुसार क्रॉस कंट्रीचा मार्ग शक्यतो फेऱ्यांचा असावा आणि मुख्य फेरी दीड ते दोन किलोमीटरची असावी. दोन किलोमीटरची फेरी असेल, तर सत्तेचाळीसला दोन फेऱ्या. याचा मोठा फायदा असा की प्रत्येक चढ दोनदा भेटतो. पहिल्यांदा तो तुमची ओळख करून घेतो, दुसऱ्यांदा हिशेब.

चालताना बघायचं काय? सुरुवातीची जागा किती रुंद आणि ती कुठे अरुंद होते. शंभर मुली एका ओळीत सुटतात आणि पुढे पायवाटेत शिरतात. त्या गळ्याशी गर्दी होते, कोपर लागतं, कुणी पडतं. मग जमीन: कुठे मुरूम, कुठे काळी माती, कुठे नुसतं गवत आणि गवताखाली खड्डा. मऊ जमिनीत पाय रुततो आणि पायाने दिलेला रेटा मातीच गिळून टाकते. तोच वेग ठेवायला जास्त ताकद लागते. एमआयडीसीच्या डांबरावर सराव केलेल्या मुलीला हा फरक पहिल्या मिनिटात कळतो. डांबर तिला उसळून परत देत होतं, माती देत नाही.

आणि उतार. सगळे चढाला घाबरतात, पण पायांची खरी मोडतोड उतारावर होते. चढताना मांडीचा स्नायू आकुंचन पावत काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना ब्रेक लावत असतो आणि अशा कामात त्याचे बारीक धागे दुखावतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना जी बोंब होते, ती याची. 'लॅक्टिक ॲसिड साठलं' असं सगळे म्हणतात, पण ते शर्यतीनंतर तास-दोन तासांत निघून गेलेलं असतं. सोमवारच्या दुखण्याचा आळ त्याच्यावर घेऊ नये.

बुटांचा प्रश्नही इथेच सुटतो. क्रॉस कंट्रीचे खिळ्यांचे बूट वेगळे येतात, महाग असतात. नियम बुटांची सक्ती करत नाही, अनवाणी पळण्याचीही मुभा आहे आणि आपल्या जिल्हा स्पर्धांत आजही काही मुलं अनवाणी उतरतात. मात्र जे आहे ते सवयीचं हवं. चाचणीसाठी शनिवारी विकत घेतलेला नवा बूट रविवारी टाचेला फोड आणतो. जुना, धुतलेला, नाडी दोनदा बांधलेला बूट बरा.

सावरपाड्याची वाट

नाशिकमध्ये धावण्याची गोष्ट निघाली की ती कविता राऊतशिवाय पुरी होत नाही. हरसूल भागातलं सावरपाडा हे तिचं आदिवासी गाव. पुढे वर्तमानपत्रांनी तिचं नावच 'सावरपाडा एक्सप्रेस' करून टाकलं. लहानपणी लांबून पाणी आणणं, डोंगरवाटा, अनवाणी पळणं हे तिच्याबद्दल सगळ्यांनी वाचलेलं असतं. पळायला काही विकत घ्यावं लागत नाही, म्हणून तिने हा खेळ धरला.

गोष्ट खरी आहे, पण अनेकदा अर्धीच सांगितली जाते. ऐकणाऱ्याला वाटतं, डोंगरातली मुलं जन्मतःच धावपटू असतात. तसं असतं तर पाणी वाहणाऱ्या प्रत्येक पाड्यावर एक कविता निघाली असती. चढउतारांवर वाढलेल्या शरीराला लहानपणीच दमसास मिळतो, हे खरं. त्या दमसासाची शर्यत व्हायला मात्र आणखी काही लागतं. ते नाशिकमध्ये होतं: भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे प्रशिक्षक विजेंदर सिंग, भोसला मिलिटरी स्कूलचं मैदान आणि त्या मैदानावर रोज एकमेकांना ओढत पळणारा मुलामुलींचा गट. चांदवड तालुक्यातली संजीवनी जाधवही याच सिंगांच्या हाताखाली घडली. 2018 साली चीनमधल्या गुइयांग इथे आशियाई क्रॉस कंट्री स्पर्धेत तिने कांस्यपदक मिळवलं.

कविताच्या 2010 सालच्या दोन शर्यती शेजारी ठेवल्या, तर नंबर आणि घड्याळ यांच्यातलं नातं लख्ख दिसतं. ऑक्टोबरमध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला तिने 33 मिनिटं 5.28 सेकंद घेतले आणि कांस्य जिंकलं. राष्ट्रकुल स्पर्धेत धावपट्टीवर भारतीय महिलेला मिळालेलं ते पहिलं वैयक्तिक पदक. दीड महिन्याने चीनमधल्या ग्वांगझूला आशियाई स्पर्धेत तीच शर्यत ती 31 मिनिटं 51.44 सेकंदांत धावली. जवळजवळ सव्वा मिनिट कमी! आणि पदक? रौप्य. तिच्या पुढे केरळची प्रीजा श्रीधरन होती, 31 मिनिटं 50.47 सेकंद. दहा किलोमीटर पळून दोन भारतीय मुलींत एका सेकंदाचाही फरक पडला नाही.

दिल्लीत शर्यत संथ चालली, म्हणून कमी वेगातही पदक होतं. ग्वांगझूत शर्यत वेगवान झाली, म्हणून आयुष्यातल्या उत्तम धावांपैकी एक धावूनही पुढे कुणीतरी उरलं. आणि असंही म्हणता येईल की पुढे कुणीतरी होतं, म्हणूनच 31 मिनिटं 51 सेकंद निघाले. एकटी मुलगी रिकाम्या मैदानावर तेवढं पळत नाही.

अविनाश साबळेची वाटही पाहण्यासारखी आहे. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव, शाळा सहा किलोमीटरवर. कधी चालत, कधी पळत. पण शाळेत असताना तो कुठल्या निवड चाचणीचा तारा नव्हता. बारावीनंतर सैन्यात गेला आणि स्पर्धेतलं पळणं सुरू झालं ते 2015 साली सैन्याच्या क्रॉस कंट्रीतून. तिथून स्टीपलचेस. अडथळे आणि पाण्याचा खड्डा असलेली ती शर्यत मुळात क्रॉस कंट्रीचीच लेक आहे; कुंपण आणि ओढा उचलून मैदानात आणून ठेवले, एवढंच. 2022च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने 8 मिनिटं 11.20 सेकंदांत रौप्य मिळवलं. सोनं जिंकणारा केनियाचा अब्राहम किबिवोट 8 मिनिटं 11.15 सेकंदांत पोचला होता. फरक सेकंदाच्या विसाव्या भागाचा.

सोळाव्या वर्षी रेषेच्या खाली राहिलेल्या मुलाने हे वाचून ठेवावं. साबळे एकविसाव्या वर्षी खऱ्या अर्थाने सुरुवात करत होता.

शनिवारची रात्र

झोप लागत नाही. लागणार नाहीच. कूस बदलताना आई विचारते, 'झोपली का गं?' आणि या प्रश्नाने उरलीसुरली झोप उडते.

घाबरण्याचं कारण नाही. एका रात्रीच्या अपुऱ्या झोपेने पंधरा मिनिटांच्या शर्यतीत फारसं बिघडत नाही. त्या सकाळी शरीरात उसळणारं ॲड्रिनलिन ती तूट भरून काढतं. खरी महत्त्वाची रात्र शुक्रवारची आणि त्याआधीचा आठवडा. म्हणून जाणते प्रशिक्षक मुलांना शुक्रवारी लवकर झोपायला लावतात आणि शनिवारी रात्री 'नुसतं पडून राहा' एवढंच सांगतात. नुसतं पडून राहायला सांगितलं की पुष्कळांना झोप लागते.

पिशवी दाराशी. चेस्ट नंबर बनियनवर चार टाचण्यांनी लावून ठेवलेला, कारण दोनच टाचण्या लावल्या तर तो वाऱ्याने फडफडतो आणि चार किलोमीटर छातीवर थपडा मारतो. वडील तिसऱ्या पाळीला. निघताना त्यांनी बसभाड्याचे पैसे फाइलमध्ये ठेवलेत.

रविवार: पहिली दोन मिनिटं

नाशिकचा रविवार सकाळी मिसळीच्या वासाने सुरू होतो. सत्तेचाळीसला तो वास आज दुपारपर्यंत परका. तर्री पोटात घेऊन कुणी चढ चढू नये. शर्यतीच्या दोन-अडीच तास आधी एक केळं, दोन टोस्ट किंवा थोडा शिरा, आणि घोट-घोट पाणी. बस्स.

थंडीत अंग तापायला वेळ लागतो. पंधरा-वीस मिनिटं सावकाश पळणं, पाय मोकळे करणं, शेवटी तीन-चार छोट्या वेगवान धावा. स्वेटर अगदी शेवटी काढायचा. मग पुकारा, नंबरांची तपासणी आणि रेषा. मोठ्या स्पर्धांत सुटण्याआधी पाच मिनिटं, तीन मिनिटं आणि एक मिनिट अशी सूचना देतात. लांबच्या शर्यतीत 'सेट' नसतं. 'ऑन युवर मार्क्स', क्षणभर शांतता आणि बार.

इथे निवड चाचणीतली सगळ्यांत मोठी चूक घडते, आणि ती बहुतेक जणी एकदमच करतात. बार होताच धूम ठोकतात.

त्यात शहाणपणाचा अंश आहे: पुढे वाट अरुंद होणार असते. पण शरीराचा हिशेब वेगळा असतो. पंधरा-सोळा मिनिटांच्या शर्यतीत लागणाऱ्या ऊर्जेचा नव्वद टक्क्यांहून मोठा वाटा प्राणवायूच्या मदतीने तयार होतो. ही यंत्रणा दमदार आहे, पण सुस्त. हृदय, फुप्फुसं आणि स्नायू तिला पूर्ण ताकदीवर आणायला एक-दोन मिनिटं घेतात. तोपर्यंतची गरज स्नायू प्राणवायूशिवाय, उधारीवर भागवतात. बेताने सुटलं तर उधारी बेताची राहते. धूम ठोकली तर पहिल्या चारशे मीटरलाच कर्जाचा डोंगर होतो; स्नायूंत आम्लता वाढते, पाय जड पडतात, श्वास घशात अडकतो. आणि हे कर्ज फेडायला थांबता येत नाही. पुढचे साडेतीन किलोमीटर त्याचं व्याज भरत पळायचं.

कपटी भाग असा की पहिल्या मिनिटाला काहीच जाणवत नाही. उलट अंग हलकं वाटतं, कधी नव्हे इतकं. त्या हलकेपणावर विश्वास ठेवायचा नाही, एवढं शिकायला कित्येक धावपटूंना दोन-तीन हंगाम लागतात.

सत्तेचाळीस पहिल्या वळणाला तिसाव्या नंबरच्या आसपास आहे. दोन्ही बाजूंना निशाणं, डावीकडे लाल, उजवीकडे पांढरी. कोपरं, धूळ, कुणाचा तरी बूट निघालाय. तिने ठरवलंय: पहिला चढ येईपर्यंत कुणालाच गाठायचं नाही. चढ आला की पावलं छोटी, हात जास्त आणि नजर दहा पावलांवर. माथ्यावर पोचल्यावर सगळे सुस्कारा सोडतात. तिथेच दहा-बारा पावलं जोर लावायचा. चढावर कुणाला मागे टाकलं तर ती चिडून परत येते. माथ्यावर टाकलं तर तिला ते कळेपर्यंत उतार सुरू झालेला असतो.

पहिली फेरी संपताना अठरावी. दुसऱ्या फेरीत तिला वेग वाढवावासुद्धा लागत नाही. पुढच्याच मागे येऊ लागतात, एकेक करून, व्याज भरत.

बाराव्या नंबरचं सोनं

तिला चढावर ठेवून आपण शंभर वर्षं मागे जाऊ. क्रॉस कंट्री ही शाळेतल्या पोरांची देणगी. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या निवासी शाळांत 'ससा आणि शिकारी कुत्रे' नावाचा खेळ चाले. ससा झालेली पोरं कागदाचे कपटे टाकत शेताशिवारातून पळायची आणि बाकीची तो माग काढत. त्यातून शर्यत झाली, क्लब झाले आणि 1912, 1920 आणि 1924 अशा तीन ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला.

1924च्या पॅरिसमध्ये तो संपलाही. जुलैची दुपार, भाजून काढणारं ऊन, रानगवत वाढलेला मार्ग. 38 जण सुटले, पोचले 15. फिनलंडचा पाव्हो नुर्मी पहिला, त्याच्याच देशाचा व्हिले रितोला दुसरा. पण सांघिक पदकासाठी प्रत्येक देशाचे तीन धावपटू पोचणं आवश्यक होतं. फिनलंडचा तिसरा माणूस होता हेइक्की लिमातैनेन. उन्हाने भेलकांडत, भान हरपत तो आला. बारावा. आणि त्या बाराव्या नंबरावर फिनलंडला सांघिक सुवर्ण मिळालं. तीन माणसं पोचवणारे देशच मुळी तीन निघाले. माणसं इतकी कोसळलेली पाहून क्रॉस कंट्री ऑलिंपिकमधून काढून टाकली गेली आणि आजवर परतलेली नाही.

नुर्मीला जग ओळखतं, लिमातैनेनला फारसं कुणी नाही. पण क्रॉस कंट्रीचं गणित त्याच्यासारख्यांवरच चालतं. पहिल्या नंबरला एक गुण, दहाव्याला दहा, चाळिसाव्याला चाळीस. जागतिक स्पर्धेत देशाचे सहा जण धावतात, पहिल्या चौघांची बेरीज होते आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो देश जिंकतो. तारा दुसऱ्याऐवजी पहिला आला, तर एकच गुण वाचतो. चौथा धावपटू शेवटच्या उतारावर पाच जणांना मागे टाकतो, तेव्हा पाच गुण वाचतात. आणि तो विसाव्या नंबरसाठी झगडत असतो, तिकडे कॅमेरा नसतो.

म्हणून निवड करणारे लोक पहिलीकडे फार बघत नाहीत. ती येणारच असते. ते चौथी, पाचवी, सहावी कशी पळाली ते बघतात.

शेवटचे दोनशे मीटर

सपाट गवत, दोन्ही बाजूंना दोऱ्या, त्या शेवटाकडे निमुळत्या होत जातात. अंतिम रेषेपलीकडच्या चिंचोळ्या गल्लीत कुणी कुणाला ओलांडायचं नाही. ज्या क्रमाने शिरलात त्याच क्रमाने हातात चिठ्ठी मिळते. सत्तेचाळीसच्या पुढे हिरव्या बनियनची एक मुलगी आहे. दोघी पहिल्या फेरीच्या चढापासून मागेपुढे आहेत. मैदानाबाहेरून कुणीतरी ओरडतं, 'सहावी आणि सातवी!' आता दोघींनाही ठाऊक आहे.

इथे श्वासाचं शास्त्र संपतं. जे उरलंय ते उधारीवर पळायचं, आणि आता उधारी चालते, कारण फेडायला पुढे अंतर उरलेलं नाही. दोघी एकदम निघतात. हिरवी मुलगी एका हाताने पुढे.

चिठ्ठीवर सात.

कुठलाही प्रशिक्षक त्या क्षणी काही बोलत नाही. बोलू नये. पाच मिनिटं चालत राहायचं, बसायचं नाही, कोरडा स्वेटर घालायचा, पाणी प्यायचं. रडू आलं तर येऊ द्यायचं. तासाभराने काहीतरी खायचं. आता मिसळ चालते. मग संध्याकाळी वही काढायची आणि लिहायचं: पहिल्या वळणाला तीस, फेरी संपताना अठरा, शेवटी सात. तेवीस जणी मागे टाकल्या. घड्याळात हे कुठेच दिसलं नसतं.

वहीत आणखी एक ओळ लिहिण्यासारखी आहे आणि तीच बहुतेकांची लिहायची राहते. हिरव्या बनियनची मुलगी कुठल्या शाळेची, कुठे सराव करते? भोसलाच्या मैदानावरच्या गटाने जे केलं ते हेच होतं. जी कालपर्यंत समोर पळत होती, ती उद्यापासून शेजारी पळू लागली.

चिंचोळ्या गल्लीच्या पलीकडे दोघी गुडघ्यांवर हात टेकून उभ्या होत्या, तेव्हा सत्तेचाळीसने तिला विचारलं, 'कुठे राहतेस गं?'

'पाथर्डी फाट्याला.'

अंबडपासून पळत जाण्याएवढंच अंतर.